आधी धुतलेले हात

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की आक्षी मागे पडते न पडते तोच नागाव सुरू होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत घर, घरामागे विहीर आणि विहिरीला लागून दगडी डोण. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना इथला समुद्र आठवत राहतो. मला विचाराल तर या गावाची खरी श्रीमंती त्या डोणीत आहे. बाहेरून आलेला माणूस, घरचा असो वा परका, आधी डोणीवर जायचा, हातपाय धुवायचा आणि मगच पडवीची पायरी चढायचा. बाजारातून आलात, हातपाय धुवा. एस.टी.तून उतरलात, धुवा. मर्तिकाहून आलात, तर थेट आंघोळच. आता डोणीच्या जागी नळ आला, रहाटाच्या जागी विजेचा पंप आला, पण ही सवय पुष्कळ घरांतून अजून टिकून आहे. तेव्हा हात धुवायला आम्हाला कोणी शिकवायला नको, असे कोणी म्हणाले तर ते खोटे नाही.

पण याच घरांतली दुसरी एक रीत आठवून पाहा. पूर्वी डॉक्टरांना घरी बोलावत. डॉक्टर सायकलवरून येत, आजाऱ्याची नाडी पाहत, पोट दाबून बघत, जीभ काढायला सांगत, गरज पडली तर गळू फोडून पट्टी बांधत. हे सारे आटोपून ते उठले की घरातले कोणीतरी तांब्याभर पाणी, साबणाची नवी वडी आणि धुतलेला पंचा घेऊन अदबीने उभे राही. डॉक्टर हात धुवत, पंचाला पुसत आणि मग चहाचा कप हातात घेत. अनेक घरांत मी हे पाहिले आहे. डॉक्टर आल्या आल्या, आजाऱ्याला हात लावण्याच्या आधी, तो तांब्या कोणी पुढे केल्याचे मात्र मला आठवत नाही.

सगळी गोम इथेच आहे. आपण हात धुतो ते स्वतःला काही लागू नये म्हणून. बाहेरची घाण, परक्याचा स्पर्श, मर्तिकाचा विटाळ, आजाऱ्याचा रोग, यांतले काही आपल्या अंगाला चिकटून घरात येऊ नये, ही त्यामागची भावना. आपल्यापासून दुसऱ्याला काही लागेल, आपला स्वच्छ दिसणारा हातच समोरच्या अशक्त माणसाला घातक ठरेल, ही कल्पना आपल्या सोवळ्याओवळ्यात बसत नाही. भाषेतही पाहा ना. वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा स्वतःचे भले करतो, आणि हात धुऊन एखाद्याच्या मागे लागणारा दुसऱ्याचे वाईट करतो. दुसऱ्याच्या भल्यासाठी हात धुणारा माणूस आमच्या वाक्प्रचारांत शोधून सापडत नाही.

आणि हा दोष काही फक्त आपला नाही. रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिका हात केव्हा धुतात याची निरीक्षणे जगभर झाली आहेत, आणि त्यांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली आहे: रुग्णाला हात लावून झाल्यावर हात धुणारे पुष्कळ, लावण्यापूर्वी धुणारे त्याहून कमी. शिकलेल्या माणसाचा हातही आधी स्वतःचाच विचार करतो.

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयातली १८४७ सालची हकिगत पुष्कळांनी वाचली असेल, तरी तिच्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या सरासरी दहा बायका बाळंतज्वराने दगावत. सुईणींकडे चारांहून कमी. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत. तिथल्या इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने शोध लावला की विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावरून उठून थेट बाळंतिणीला तपासायला येतात, आणि मृत्यू त्यांच्या हातांवरून येतो. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. आपली ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टी.सी.एल. पावडर याच जातीची. एप्रिल १८४७ मध्ये शंभरात अठरा बायका मेल्या होत्या. जून-जुलैत हे प्रमाण दोनांच्या आसपास आले.

सहसा न सांगितला जाणारा तपशील तो यापुढचा. ऑक्टोबरात त्याच विभागात पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक बाई होती, आणि तिच्या रोगातून स्राव होत असे. डॉक्टर तिच्यापासून तपासायला सुरुवात करून पुढच्या खाटांकडे जात. हात दारात धुतलेले होते. तरी तिच्याबरोबरीने बाळंत झालेल्या बारा जणींपैकी अकरा जणी मेल्या. सेमेलवाइसला तेव्हा कळले की एकदा धुऊन भागत नाही. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना दर वेळी धुवावे लागतात. मेलेल्याकडून जिवंताकडे तसेच जिवंताकडून जिवंताकडे. बाकीच्या डॉक्टरांना हे पटले नाही. आपल्यासारख्या सभ्य माणसाच्या हाताने बाई मरते हे कोणाला ऐकून घ्यायचे होते? ऑगस्ट १८६५ मध्ये सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात वारला, आणि तोही जखम चिघळून.

त्याच १८६५ सालच्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी जन्मल्या. गोपाळराव टपाल खात्यात होते, आणि त्यांच्या बदलीबरोबर आनंदीबाई काही काळ आमच्या या अलिबागेत राहून गेल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वैद्यकीय मदत मिळाली नाही, आणि या दुःखातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय पुढे आला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून त्या एम.डी. झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्र हाच होता, आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

दहा दिवस हा आकडा जुन्या बायांच्या फार ओळखीचा होता. सुवेर दहा दिवसांचे. त्या दिवसांत बाळंतिणीला कोणी शिवायचे नाही, ती अंधाऱ्या खोलीत बाळ घेऊन एका बाजूला. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येते म्हणून जागायचे. त्या रात्रीची धास्ती उगाच नव्हती. पहिले दोन दिवस चांगले प्यालेले मूल तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर अचानक दूध ओढेनासे व्हायचे, जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचे आणि मूल जायचे. नाळेतून गेलेला तो धनुर्वात. विळ्याने नाळ कापलेली, वर राख किंवा शेण लावलेले. घरच्यांनी विटाळ म्हणून बाळंतिणीपासून अंतर ठेवले, त्याचा आपोआप थोडाफार फायदाही झाला असेल. पण जिचा हात थेट लागायचा त्या सुईणीच्या हातांविषयी या सगळ्या नियमांत एक अक्षर नव्हते. सुईणीला घरात घेताना विटाळ कोणाचा कोणाला होईल हे पाहिले जाई. बाळाला काय होईल हे पाहायला शास्त्र यावे लागले.

पुढे सुईणींना शासनाने प्रशिक्षण दिले तेव्हा पाच स्वच्छता शिकवल्या गेल्या: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ धागा, स्वच्छ नाळ. पहिला मान हातांना होता. या शिकवणुकीला गर्भारपणातल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनांची जोड मिळाली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, आणि २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. एवढी मोठी बातमी. पण आपल्याकडे तिचा गाजावाजा फारसा झाला नाही. रोग गेल्याच्या बातमीला रोग आल्याच्या बातमीएवढी जागा कधी मिळत नाही.

महाराष्ट्राने या विषयात जगाला काही दिले असेल तर ते गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ खेड्यांमधून गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन कसे करायचे, त्याला ऊब कशी द्यायची, जंतुदोषाची लक्षणे कशी ओळखायची, वेळ पडल्यास इंजेक्शन कसे द्यायचे, आणि या सगळ्याच्या आधी हात कसे धुवायचे. त्या खेड्यांत सुरुवातीला हजार बाळांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या ४७ खेड्यांत तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले. याचे सारे श्रेय एकट्या साबणाला देणे भाबडेपणाचे होईल. पण ज्या बाईच्या हातात बाळाला टोचायची सुई द्यायची, तिचे हात आधी स्वच्छ हवेत, हे त्या पद्धतीत गृहीतच होते.

हीच पद्धत २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. योजना सुरू झाली तेव्हा या सगळ्या फेऱ्यांचे मिळून अडीचशे रुपये ठरले होते. आपण वाचकांनी या रकमेवर क्षणभर थांबायला हरकत नाही.

आमच्या आळीत एका सुनेचे बाळंतपण झाले तेव्हा मी आशाताईंना काम करताना प्रथमच नीट पाहिले. त्या आल्या, चप्पल काढली आणि आत न जाता मागच्या दाराच्या नळाकडे वळल्या. हातातल्या बांगड्या काढून पिशवीत टाकल्या, घड्याळ काढले. कोपरापर्यंत हात ओले केले, साबण लावला, आणि असे घासायला लागल्या की घरातल्या आजींना राहवेना.

"अगो, आमच्या घरात घाण आहे की काय? आल्या आल्या धुवायला निघालीस ती!"

"आजी, घाण तुमच्या घरात नाही हो. चार घरं फिरून आलेय मी, माझ्या हातांना आहे ती," आशाताई म्हणाल्या.

आजींनी पुढे केलेला पंचाही त्यांनी घेतला नाही. बोटे वर आणि कोपरे खाली अशा अवस्थेत, देवापुढे उभे राहिल्यासारख्या, त्या हात वाळेपर्यंत उभ्या राहिल्या. मग कशालाही न शिवता बाळाकडे गेल्या. तपासून झाल्यावर आजी नातवाला घ्यायला पुढे सरल्या, तेव्हा मात्र आशाताईंनी त्यांनाच नळाची वाट दाखवली. आजींचा रुसवा बाळाच्या बारशापर्यंत टिकला, पण हात त्यांनी धुतले.

आजीचा हातही इथे महत्त्वाचा आहे हे आपण लक्षात घेत नाही. नेपाळच्या दक्षिण भागात तेवीस हजारांहून अधिक नवजात बाळांची पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. ज्या आया बाळाला घेण्यापूर्वी हात धुत, त्यांच्या बाळांचा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. बाळंतपण करणारीने आधी हात धुतले असतील तर १९ टक्क्यांनी. हात धुणाऱ्या आया इतर बाबतींतही दक्ष असणार, हे धरून हे आकडे वाचावेत. तरीही ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

आता धुवायचे कसे, याकडे वळतो. या भागाला काही वाचक नाके मुरडतील. हात धुण्यात शिकायचे काय? १९७८ साली इंग्लंडमध्ये परिचारिकांना हातांना रंग लावून धुवायला सांगण्याचा एक प्रयोग झाला, म्हणजे कुठली जागा सुटते ते दिसावे. तळवे स्वच्छ निघाले. अंगठे, बोटांची टोके आणि बोटांच्या बेचक्या राहून गेल्या. नेमकी हीच जागा रुग्णाला लागते. नाडी तळव्याने पाहत नाहीत, सुई तळव्याने टोचत नाहीत, बाळाच्या तोंडात दूध उतरते की नाही हे पाहायला तळवा घालत नाहीत. आपणही घरी तेच करतो: तळव्यावर तळवा दोनदा फिरवला की झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ठरवून दिलेली पद्धत अशी. हात ओले करून साबण लावावा आणि तळव्यावर तळवा घासावा. मग एका हाताचा तळवा दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून, बोटे बोटांत घालून पाठ घासावी, दोन्ही हातांची. मग तळव्याला तळवा लावून बोटे गुंफावीत आणि बेचक्या घासाव्यात. बोटे आकड्यासारखी एकमेकांत अडकवून त्यांच्या मागच्या बाजू तळव्यांवर घासाव्यात. मग अंगठा: दुसऱ्या मुठीत धरून तो फिरवावा, रवी घुसळल्यासारखा. शेवटी पाचही बोटांची टोके जुळवून दुसऱ्या तळव्यावर गोल घासावीत, म्हणजे नखांखालचा मळ निघतो. आपल्याकडे यात मनगटही धरतात. मग वाहत्या पाण्याखाली धुऊन, एकाच माणसाने वापरायच्या स्वच्छ कपड्याने किंवा कागदाने टिपावेत, आणि नळही त्याच कागदाने बंद करावा. घाणेरड्या हाताने उघडलेला नळ धुतलेल्या हाताने बंद केला तर सारी मेहनत पाण्यात. याला चाळीस ते साठ सेकंद लागतात. घड्याळ लावून एकदा करून पाहा, साठ सेकंद किती लांब असतात ते कळेल.

साबण जंतू मारतो असा एक समज आहे. काही जंतू मरतातही, पण साबणाचे मुख्य काम वेगळे आहे. हातावरच्या तेलकट थरात जंतू चिकटून बसलेले असतात. साबण तो थर सोडवतो, घासण्याने तो उचलला जातो आणि पाणी वाहून नेते. म्हणून घासणे आणि पाणी या दोन गोष्टी साबणाइतक्याच महत्त्वाच्या. महागडा औषधी साबण लागत नाही, साधी वडी चालते. फक्त ती पाण्यात लिबलिबीत पडून राहू नये. तिचे तुकडे करून जाळीवर ठेवावेत. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ झाले की साबणाला फेस येत नाही, हे नागावकरांना सांगायला नको. तेव्हा घासायला जरा जास्त वेळ द्यावा, इतकेच. आणि घरोघरच्या बेसिनशेजारचा तो खुंटीवरचा टॉवेल! सकाळपासून सात माणसांनी हात पुसलेला टॉवेल म्हणजे धुतलेले सारे परत घ्यायचे ठिकाण.

एवढे सारे सोपे असेल तर रुग्णालयांत ते होत का नाही? काही वर्षांपूर्वी माझी मावशी खुब्याचे हाड मोडून एका शहरातल्या रुग्णालयात होती. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चित्र एकट्या त्याचेच नाही. मी अकरा रात्री तिच्याजवळ बसलो. चाळीस खाटांचा वॉर्ड, रात्रपाळीला दोन सिस्टर. बेसिन एक, तेही वॉर्डच्या टोकाला. सकाळी पाणी यायचे, दुपारी जायचे. साबणाची जागा रिकामी; एका नातेवाइकाने वडी आणून ठेवली ती संध्याकाळपर्यंत नाहीशी झाली. सकाळच्या फेरीला मोठे डॉक्टर येत, सोबत पाच-सहा शिकाऊ डॉक्टर, आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे तेच हात जात. ऑक्टोबर १८४७ मधली व्हिएन्नाची पहिली खाट मला तिथे आठवली. मावशीची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. आठव्या दिवशी टाक्यांतून पू आला. तिचे घरी जाणे पाच आठवडे लांबले, एकामागून एक इंजेक्शने बदलली, आणि ती घरी आली तेव्हा आधीची मावशी राहिली नव्हती. ते जंतू कोणाच्या हातावरून आले, हातावरूनच आले की आणखी कशातून, हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणूनच हा गुन्हा कधी नोंदला जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरांतल्या सात जणांना, आणि आपल्यासारख्या देशांत पंधरा जणांना, तिथे असताना निदान एक नवा संसर्ग होतो. असे जंतू औषधांनाही आता जुमानत नाहीत. ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला ही नावे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक डॉक्टराला झोपेतही आठवतात. नवी प्रतिजैविके यायला वर्षे लागतात. तोवर हातात उरतात ते हातच.

यासाठी डॉक्टर-सिस्टरांना नुसते निष्काळजी ठरवून चालणार नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डात दर रुग्णाआधी बेसिनपर्यंत चालत जाऊन, मिनिटभर हात धुऊन परत यायचे म्हटले तर दोन सिस्टरांची रात्र चालण्या-धुण्यातच संपेल. जिनिव्हाच्या मोठ्या रुग्णालयात नेमके हेच ओळखले गेले. डिडिए पिटे या डॉक्टरांच्या लक्षात आले की कामाचा ताण जितका जास्त तितके हात धुणे कमी. मग त्यांनी बेसिनकडे माणसे पाठवण्याऐवजी खाटेपाशी अल्कोहोलच्या द्रावणाच्या बाटल्या ठेवल्या. वीस-तीस सेकंद चोळले की काम झाले, पाणी नको, टॉवेल नको. १९९४ मध्ये शंभर वेळांतल्या ४८ वेळा हात स्वच्छ केले जात. १९९७ मध्ये ते ६६ झाले, आणि रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचे प्रमाण जवळजवळ १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. माणसे तीच होती, बाटलीची जागा बदलली होती. आपल्याकडेही अशा बाटल्या आल्या आहेत, पण कित्येक ठिकाणी त्या भिंतीवर कोरड्या लटकतात. हात उघड उघड मळलेले असतील, रक्त-विष्ठा लागलेली असेल, तर अल्कोहोल चालत नाही, साबण-पाणीच हवे. आणि हातमोजे हा तर मोठाच भ्रम. मोजा घातलेला हात स्वतः सुरक्षित असतो. त्याच मोज्याने तीन रुग्णांना हात लावला तर रुग्णांना काय मिळाले? पुन्हा तेच: माझे संरक्षण आधी.

२०२० साली करोनाच्या भीतीने सारा देश हात धुवायला लागला, तेव्हा वाटले होते की ही सवय आता कायमची झाली. पण तेही धुणे स्वतःसाठीच होते. भीती ओसरली आणि बाटल्या दाराआडून अडगळीत गेल्या. त्या वर्षीच्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. वाड्यांतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि पुढे कित्येक दिवस पंप मुके राहिले. मोबाइलवर वीस सेकंद हात धुवा म्हणून ध्वनिफीत वाजत होती आणि पाणी विहिरीच्या तळाशी होते. माळ्यावरचा पोहरा खाली आला. तांब्याने एकट्याला हात धुता येत नाहीत हेही तेव्हाच ध्यानात आले. एक हात तांब्यात अडकलेला, मग घासायचे कशाने? दुसऱ्याने ओतावे लागते. शेवटी आम्ही पाच लिटरच्या तेलाच्या डब्याला भोक पाडून तो आडव्या बांबूला टांगला, दोरीने खाली काठी बांधली, पायाने काठी दाबली की डबा कलायचा आणि धार पडायची. नळाला मिनिटभरात बादली जाते, तिथे पेलाभर पाण्यात हात निघत. पाणी नाही, हे कारण पुष्कळदा खरे असते. पण ते दर वेळी अखेरचे कारण नसते.

रुग्णाच्या नातेवाइकाने काय करावे? डॉक्टरांना विचारावे, असे पाश्चात्त्य पुस्तके सांगतात. आपल्याकडे डॉक्टरला तोंडावर विचारणे अनेकांना उद्धटपणा वाटतो, आणि बिलाआधी माणूस घरी न्यायचा असल्याने धीरही होत नाही. पण खाटेशेजारच्या टेबलावर द्रावणाची बाटली ठेवून, "डॉक्टर, हे इथे ठेवलंय हं," एवढे म्हणायला कोणाची हरकत नसावी. बहुतेक डॉक्टर मुकाट्याने घेतात. कित्येकांना बरेच वाटते. भेटीला येणाऱ्यांनाही तीच बाटली दाखवावी. फळे आणली नाहीत तर चालेल.

आणि बाळंतपणासाठी प्रसूतिगृह ठरवायला जाल तेव्हा खोलीला ए.सी. आहे का, जेवण कोणते, सगळे मिळून खर्च किती, हे तर विचाराच. पण पाच मिनिटे बाळांच्या खोलीच्या दारात उभे राहा. तिथे बेसिन आहे का? नळ कोपराने उघडता येतो का? पाणी दुपारी तीन वाजताही असते का? साबण ओला आहे की धूळ खातो आहे? आत जाणाऱ्या सिस्टरच्या मनगटात घड्याळ-बांगड्या आहेत का, आणि हात पुसायला टांगलेला तो टॉवेल दिवसभरात किती जणांचा आहे?